सरळ केलेली टेप

राजानंद घराला कुलूप लावलं की चार वेळा ओढून बघायचा, आणि गल्लीच्या तोंडापर्यंत गेल्यावर पाचव्यांदा ओढायला परत यायचा. चंदनझिऱ्यातल्या त्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. रामप्रसाद कोपऱ्यावर मोटारसायकल चालू ठेवून थांबलेला असायचा. तो तिथूनच ओरडायचा, "चला ना गुरुजी! चोर आला तर परत जाईल बिचारा. पुस्तकंच तर हायेत आत."

राजानंद कसनुसं हसायचा आणि मागे बसायचा. त्याला गाडी येत नव्हती. एकदा शिकायला घेतली होती, पण ब्रेक लागेल की नाही या विचारात तो ती इतकी हळू चालवायचा की गाडीच बंद पडायची.

तो काही खरा गुरुजी नव्हता. जालन्यातल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून त्याची सगळी नोकरी झाली. मुलांना तारा जोडून द्यायच्या, मीटर पुसून ठेवायचे, आणि तास नसला की कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून वाचायचं. वाचून वाचून त्याला पुष्कळ कळत होतं. मात्र आपल्याला कळतं असं त्याला कधी वाटलं नाही. प्राध्यापकाने चुकीचं समीकरण लिहिलं तरी तो आधी स्वतःचा चष्मा पुसायचा.

निवृत्त झाल्यावर तो घरीच बसला असता. पण एमआयडीसीत, सळयांच्या मिली आणि बियाण्यांची गोदामं यांच्यामध्ये, एक पांढरी शेड उभी राहिली, आणि तिथे मोजणीच्या कामाला माणूस हवा होता. त्या शेडमध्ये टेप बनायची. करंगळीच्या निम्म्या रुंदीची, पत्त्याच्या पानासारखी पातळ, चांदीची. चांदी नुसती वरून. आत एका काळ्या पुडीचे केसासारखे धागे. ही पूड चांदीच्या नळीत ठासून भरायची, नळी ओढून ओढून तारेएवढी करायची, अशा कितीतरी तारा पुन्हा एका नळीत घालून पुन्हा ओढायच्या, मग रुळांखाली दाबून चपट्या करायच्या आणि भट्टीत घालायच्या. भट्टीत पूड भाजून एकजीव होते. नंतर ती टेप द्रवरूप नायट्रोजनच्या भयंकर थंडीत बुडवली, की तिच्यातून वीज जाते आणि वाटेत काहीच हरवत नाही. टेप तापत नाही. जाड तांब्याच्या तारेलाही सोसणार नाही एवढी वीज ती पातळ पट्टी सहज वाहून नेते.

राजानंदने ही गोष्ट पुस्तकात अनेकदा वाचली होती. प्रत्यक्षात पहिल्यांदा शंभर अँपिअर सोडले आणि समोरच्या मीटरवर शून्य दिसलं, तेव्हा त्याला वाटलं मीटर बिघडलंय.

रामप्रसादला तिथे त्यानेच आणलं. रामप्रसाद रोलिंग मिलमधला माणूस. लालभडक सळई रुळांतून सुटून सापासारखी अंगावर यायची, ती चिमट्याने धरून पुढच्या रुळात घालायची, हे काम त्याने उमेदीची सगळी वर्षं केलं. मग मिल बंद पडली. दीड वर्ष तो गल्लीच्या तोंडाशी बसून होता. येणाऱ्याजाणाऱ्याची चेष्टा करायचा, पण आवाज खाली आला होता. एक दिवस राजानंद धीर करून वंदना मॅडमच्या केबिनमध्ये गेला. मॅडम कारखान्याच्या प्रमुख. मूळच्या जाफराबादच्या, धातुशास्त्र शिकलेल्या, वयाने त्याच्याहून वीस वर्षांनी लहान. तो उभ्या उभ्याच म्हणाला, "माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. रुळांतलं कळतं त्याला." जन्मात कुणाची शिफारस करण्याची त्याची ती पहिलीच वेळ. घरी येईपर्यंत त्याला घाम फुटलेला होता.

रामप्रसादला वर्षाच्या करारावर घेतलं. भट्टीतून आलेली टेप मोठ्या ड्रमवरून रिळावर गुंडाळायची, हे त्याचं काम. आता वर्ष संपत आलं होतं आणि करार पुढे वाढायचा होता.

कारखान्यात एक नियम मात्र कडक होता. दिवाळीच्या आधी एका पोराने गंमत म्हणून भट्टीतून निघालेली टेप बोटाभोवती गुंडाळली. मॅडमनी सगळ्यांना जमवून सांगितलं, "भट्टीतून आलेली टेप जो वाकवेल, तो त्याच दिवशी घरी जाईल. मी कारण विचारणार नाही." आणि त्या पोराला त्याच दिवशी घरी पाठवलं. भिंतीवर पाटी लागली: टेप वाकवू नका.

त्या आठवड्यात तपासणीचं नवीन यंत्र चालू झालं होतं. आधी रिळाची दोन टोकं कापून तेवढीच तपासायचे. आता सगळी टेप नायट्रोजनच्या हौदातून हळूहळू सरकत जायची आणि तिला टेकलेले दोन कॉन्टॅक्ट तिला इंचाइंचावर मोजत राहायचे. आतापर्यंतचं सगळ्यात लांब रीळ राजानंदने त्यावर चढवलं. एका संशोधन संस्थेला हवं होतं ते, अखंड, एकाही जोडाशिवाय. टेप किती वीज वाहून नेते ते दाखवणारी पडद्यावरची रेघ सपाट जात होती, जात होती, आणि अर्ध्याच्या पुढे एका जागी खड्डा पडावा तशी खाली गेली. लगेच वर आली आणि पुन्हा सपाट.

राजानंदने यंत्र थांबवलं. कॉन्टॅक्ट काढून पुसले, पुन्हा बसवले. टेप उलटी फिरवली. त्याच जागी खड्डा. कॉन्टॅक्टच बदलले आणि परत फिरवली. त्याच जागी. भिंग लावून ती जागा बघितली. चांदी आरशासारखी. ओरखडासुद्धा नाही.

एखाद्याने लगेच जाऊन सांगितलं असतं. पण राजानंदचा पावसाळ्यातला अनुभव ताजा होता. तेव्हा असंच एक छोटं रीळ खराब म्हणून त्याने आठवडाभर सगळं काम थांबवलं होतं, आणि शेवटी निघालं काय, तर कॉन्टॅक्टचा स्क्रू ढिला. कॅन्टीनमध्ये अजून त्यावर हसायचे. त्याने यंत्र बंद केलं, रीळ झाकलं आणि घरी निघाला.

एकाच जागी खड्डा, म्हणजे गुंडाळताना काही झालं असेल, असं त्याच्या मनात येत होतं. मोटारसायकलवर मागे बसून त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "रामप्रसादभाऊ, परवा रीळ गुंडाळताना लाइट गेल्ती का हो?"

"गेल्ती की! मिलवाल्यांच्या भट्ट्या चालू झाल्या की आपल्याकडं असंच होतंय."

"मंग?"

"मंग काय, खालचं रीळ थांबलं अन् वरचा ड्रम फिरूनच राह्यला. एवढा झोळ पडला टेपचा. जमिनीला टेकला अन् मोड पडली त्याला, अशी." त्याने हात सोडून दाखवलं. गाडी हलली. "पण गुरुजी, अंगठ्याखाली घेऊन मी अशी सरळ केली, अशी, की तुमी भिंग लावा न्हाईतर दुर्बीण लावा. बिलकुल सापडायची न्हाई."

राजानंदने मागची दांडी घट्ट धरली.

"सळईचं असंच असतंय," रामप्रसाद वाऱ्यात ओरडून सांगत होता. "वाकडा माल मिलच्या दारातून भायेर गेला तर रोलरवाल्याची इज्जत जाते. वाकडं दिसलं की आपला हात आपोआप जातो तिकडं. ह्या पोरांना न्हाई जमायचं... काय हो, झोपले का काय मागं? पडसान!"

"न्हाई. ऐकून राह्यलो."

रामप्रसादने काही लपवलंच नव्हतं. लपवण्यासारखं त्यात काही आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. एक काम त्याने छान केलं होतं आणि कुणीतरी विचारलं म्हणून त्याला आनंद झाला होता. राजानंदला वाटलं, ही गाडी अशीच चालत राहावी, घर येऊच नये.

संध्याकाळी त्याची बायको बेबीनंदा मेथी निवडत बसली होती. ती अंगणवाडीत होती. दिवसभर पोरांशी बोलून तिला सरळ बोलायची सवय झाली होती. राजानंदने तिला सगळं सांगितलं.

"मंग सांगून टाका मॅडमला," ती म्हणाली.

"अन् त्याची नोकरी? त्याची बायको, दैवशाला वहिनी, तुझी मैत्रीण. त्या दीड वर्षात त्यांचं काय झाल्तं ते तू पाह्यलं."

"मंग नका सांगू."

"अन् टेप? ती अशीच जाऊ देऊ?"

बेबीनंदाने हातातली जुडी खाली ठेवली. "तुमचं असंच हाय. इकडून बोललं तरी न्हाई, तिकडून बोललं तरी न्हाई. मला एक सांगा. तुमची मोजणी खरी हाय का?"

"खरी वाटते."

"वाटते न्हाई. हाय का?"

राजानंद चष्मा पुसायला लागला. तिने पुन्हा जुडी उचलली. "मंग आधी ते ठरवा. बाकीचं मागून."

तो खुर्चीवर पुस्तक उघडून बसला आणि एकही ओळ वाचली नाही. मोजणी चुकली असेल, ही शंका त्याला जन्मभर छळत आली होती. आज पहिल्यांदा ती त्याला जवळची वाटत होती. कॉन्टॅक्ट ढिला असेल, आपलीच चूक असेल, असं नुसतं म्हटलं तरी सगळं निभावत होतं. कुणालाही ते खोटं वाटलं नसतं. रामप्रसादचा करार वाढला असता. राजानंद आणखी एकदा हास्यास्पद ठरला असता, एवढंच. त्याची त्याला सवय होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. कॅन्टीनच्या पुष्पाबाई चहा ठेवत होत्या.

"राजानंद सर, मोठ्या रिळाचा रिपोर्ट आला नाही काल. परत कॉन्टॅक्ट ढिला का?" मॅडमनी चेष्टेने विचारलं नव्हतं. त्या दमलेल्या दिसत होत्या.

पुष्पाबाईंना मात्र राहवलं नाही. "सरांचं मशीन म्हंजी आमची सासू होती बघा मॅडम. पोळी कशीबी करा, कुठं ना कुठं करपलेली सापडायचीच."

मॅडम हसल्या. राजानंदही हसला. नुसती मान हलवायची होती. त्याची मान हललीसुद्धा, थोडी.

"असू शकतं," तो म्हणाला. "पुन्हा एकदा बघतो."

"दुपारपर्यंत सांगा. संस्थेची गाडी निघालीय न्यायला."

तो तपासणीच्या खोलीत आला, पण यंत्राजवळ गेला नाही. पुन्हा बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. रेघ तिथेच खाली जाणार हे त्याला पक्कं माहीत होतं. बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आलं की, काल बेबीनंदाने विचारलं त्याचं हे उत्तर झालं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे कॅन्टीनकडे गेले तेव्हा त्याने रामप्रसादला बोलावून घेतलं. रामप्रसाद डबा हातात घेऊनच आला. "काय गुरुजी, इथं जेवायचं? मॅडम पाह्यतील तर दोघांलाबी हाकलतील."

"डबा भायेर ठेवा. एक दाखवायचंय."

त्याने थर्माकोलच्या पेटीत नायट्रोजन ओतला. पांढरी वाफ काठावरून सांडून टेबलावर पसरली. भंगारातला टेपचा एक सरळ तुकडा त्याने क्लिपांत अडकवून आत सोडला आणि विजेचं बटण हळूहळू फिरवलं. आकडा वाढत वाढत शंभराच्या वर गेला. दुसऱ्या मीटरवर शून्य.

"ह्या मीटरवर काहीच न्हाई, म्हंजी वीज बिगर अडथळ्याची चाललीय," राजानंद म्हणाला. "आता हा दुसरा तुकडा तुमी घ्या. वाकवा. परवा मोड पडली तशी."

"वाकवू? अन् पाटी?"

"हे भंगार हाय. वाकवा. हं. आता सरळ करा, तुमच्या पद्धतीनं."

रामप्रसादने तुकडा अंगठ्यावर घेतला. दुसऱ्या हाताच्या बोटाने पाठीमागून आधार देत एकदाच, न थांबता, अंगठा पुढे नेला. तुकडा सरळ झाला. राजानंदने तो उजेडात धरला. मोड कुठे होती ते त्याला सापडेना. खरोखर कसबी काम होतं.

त्याने तो क्लिपांत अडकवला आणि आत सोडला. बटण फिरवलं. वीस, तीस. दुसऱ्या मीटरवरचा आकडा हलला. आणखी थोडं फिरवताच तो भराभर चढायला लागला.

"हे काय झालं?"

"वीज अडली. चांदी तुमी सरळ केली, ती झाली. आतली पूड भट्टीत भाजून खापरासारखी झालेली असते. रिळाच्या मोठ्या वळणावर तिला काही होत न्हाई, पण मोड पडली की ती तडकते. चांदी वरून झाकून घेते, म्हणून दिसत न्हाई. सळई वाकली तरी लोखंड लोखंडच राह्यतं. हिचं तसं न्हाई."

रामप्रसाद आकड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पुन्यांदा करा." त्याने दुसरा तुकडा घेतला आणि या वेळी अगदी हलक्या हाताने, जीव लावून सरळ केला. राजानंदने बुडवला. तसंच.

"बंद करा ते," रामप्रसाद म्हणाला आणि स्टुलावर बसला. पेटीतून चरचर आवाज येत होता. बाहेर कॅन्टीनमध्ये कुणीतरी मोठ्याने हसलं.

राजानंदने सकाळपासून मनात घोळवलेलं वाक्य शेवटी बोलून टाकलं. "मी सांगतो कॉन्टॅक्ट ढिला होता म्हणून. सगळ्यांना खरं वाटंल. तुमचं नाव यायचं न्हाई."

"मंग टेप जाईल?"

"जाईल."

"अन् तिकडं काय करतेत तिचं?"

"गुंडाळून चुंबक करतेत. दवाखान्यात मशीन असतंय ना, माणसाला आडवं करून आत सरकवतात? तसलं स्वस्तात बनवायचा प्रयोग चालू हाय त्यांचा. त्या तडकलेल्या जागी तापंल. मंग सगळं चुंबक जळंल."

"आत माणूस असताना?"

"न्हाई, न्हाई. माणूस अजून लई लांब हाय. प्रयोगच हाय."

रामप्रसादने पेटीतल्या तुकड्याकडे बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, पावसाळ्यातबी लाइट गेल्ती एकदा."

राजानंदला आधी कळलं नाही.

"मागचं मोठं रीळ. ते त्यांच्याकडंच गेलं ना? त्याला बी अशीच मोड पडल्ती. मी सरळ केली."

राजानंदला ते रीळ आठवलं. त्या रिळाची दोन टोकं त्यानेच तपासली होती. दोन्ही उत्तम. मध्ये कुणी बघितलंच नव्हतं. बघायचं यंत्रच नव्हतं. ते रीळ चांगलं म्हणून गेलं आणि आता संस्थेत पडून होतं, किंवा गुंडाळलं जात होतं. हे या खोलीबाहेर कुणालाही माहीत नव्हतं.

"मला कुणी इचारलं न्हाई," रामप्रसाद म्हणाला. "अन् सांगायसारखं वाटलं बी न्हाई. वाकडं व्हतं, सरळ केलं. ते काय सांगायचं?" तो उठला. "चला."

"कुठं?"

"मॅडमकडं. तुमी बोला. मला त्यांच्यासमोर गेलं की शब्दच सुचत न्हाईत."

राजानंदला सांगावंसं वाटलं की मलाही सुचत नाहीत. पण रामप्रसाद दाराशी जाऊन थांबला होता.

मॅडम जेवत होत्या. दोघांना एकत्र बघून त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "काय, सापडला का ढिला स्क्रू?"

"नाही मॅडम," राजानंद म्हणाला. "स्क्रू ढिला नाही. टेप खराब आहे. माझी मोजणी बरोबर आहे."

हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. मॅडमनी मान वर केली. त्याने पुढचं सगळं सांगितलं. लाइट जाणं, झोळ, मोड, अंगठा. मध्ये एकदा अडखळला, पण थांबला नाही. मॅडमचा चेहरा कडक होत गेला. त्या रामप्रसादकडे वळल्या.

"पाटी वाचता येते ना तुम्हाला?"

"येते मॅडम."

"मी काय सांगितलं होतं दिवाळीच्या आधी? त्या पोराला मी कारणसुद्धा विचारलं नाही. तुम्हाला वेगळा नियम लावू?"

रामप्रसादने नकारार्थी मान हलवली.

"मॅडम," राजानंद म्हणाला, "पाटीवर लिहिलंय, वाकवू नका. यांनी वाकवली नाही. लाइटीने वाकली. वाकलेली सरळ करू नका असं आपण कुठं लिहिलंय? वाकली तर काय करायचं, हे आपण यांना सांगितलंच नाही. मी यांना इथं आणलं, आणि रोज यांच्या गाडीवर बसून येतो. मीसुद्धा कधी सांगितलं नाही. मला वाटलं, एवढं सगळ्यांना माहीत असतं."

मॅडम काही बोलायच्या आत रामप्रसादने तोंड उघडलं. "मॅडम, अजून एक हाय. पावसाळ्यात गेलं ते मोठं रीळ बी तसंच हाय. मधे कुठंतरी. जागा मला सांगता यायची न्हाई."

मॅडम एकदम उभ्या राहिल्या. पुढच्या क्षणी त्यांच्या हातात फोन होता. संस्थेत कुणी फोन उचलेना. पुन्हा लावला. तेवढ्या वेळात तिघेही एकमेकांकडे न बघता उभे होते. शेवटी पलीकडून कुणीतरी बोललं. मॅडम म्हणाल्या, "थांबवा. हो, आत्ता. ते रीळ परत पाठवा. चूक आमची आहे." मग बराच वेळ त्या नुसतं ऐकत होत्या. पलीकडचा माणूस गोड बोलत नसावा.

फोन ठेवून त्या खुर्चीत बसल्या. "निम्मं गुंडाळून झालंय त्यांचं. सगळं उलगडायचं आता." त्यांनी डोळे चोळले. "रामप्रसाद, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं. कळलंच असतं तर ते जळाल्यावर. पण रीळ तुमच्या हातून गेलं हेही खरंच. आज घरी जा. काय करायचं ते मी उद्या सांगते."

त्या दिवशी दोघे वेगवेगळे घरी आले. राजानंद शेअर रिक्षाने आला.

रात्री जेवताना बेबीनंदाने विचारलं, "सांगितलं?" त्याने मान डोलावली. तिने त्याच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी वाढली. तेवढ्यात गल्लीतून दैवशाला वहिनी गेल्या. रोज दारात थांबून दोन शब्द बोलायच्या. आज थांबल्या नाहीत.

सकाळी राजानंद कुलूप लावून निघाला. कोपऱ्यावर रामप्रसाद होता. राजानंद सवयीने कुलूप ओढायला परत गेला आणि आला, तरी रामप्रसाद काही ओरडला नाही. मिलच्या फाट्यावर ट्रक आडवा आला तेव्हा रामप्रसाद एवढंच म्हणाला, "धरून बसा."

मॅडमनी निर्णय सांगितला तो असा. रामप्रसादला रिळावरून काढलं. भट्टीच्या पुढच्या कामात त्याने हात घालायचा नाही. करार सहा महिन्यांपुरता वाढेल, पुढचं पुढे. तोवर तार ओढायच्या विभागात काम. जिथे पूड भरलेली चांदीची नळी साच्यांतून ओढून बारीक करतात, त्या भट्टीच्या अलीकडच्या कामावर. नवं मोठं रीळ खराब जागी कापून दोन तुकडे केले. संस्थेने ते घेतले, पण पुढची मागणी तूर्त थांबवली. गुंडाळणीच्या यंत्रावर नवी पाटी लागली: टेप वाकली तर हात न लावता हाक मारा.

तीन-चार दिवसांनी राजानंद काही कामाने तार ओढायच्या विभागात गेला. रामप्रसाद यंत्राजवळ उभा होता. साच्यातून तार बाहेर येत होती, आणि ड्रमवर चढण्याआधी कमानीसारखी एका बाजूला थोडी फुगत होती. तिथे कुणीतरी हात लावून तिला वळणावर आणायला हवं होतं. रामप्रसाद ते बघत होता. त्याने दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरले होते. धगधगती सळई चिमट्यात पकडणारा माणूस एका मऊ तारेसमोर असा उभा होता. तार आणखी फुगली. त्याने यंत्राचं बटण दाबलं आणि यंत्र थांबवलं.

"का थांबवलं?" राजानंदने विचारलं.

"वाकडी चाललीय. कुणाला तरी बोलवा."

"अहो, ही अजून भट्टीत गेली न्हाई. आतली पूड सुटीच हाय, पिठासारखी. हिला हात लावलेला चालतो. लावायलाच पायजे."

रामप्रसादने त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. राजानंदने ती नजर लगेच ओळखली. रोज कुलूप ओढताना आपण स्वतःच असे बघत असू, असं त्याला वाटलं. आपल्यातलं काहीतरी या माणसाला लागलं की काय, या विचाराने त्याला फार वाईट वाटलं.

"बराबर माहिती हाय तुमाला?" रामप्रसादने विचारलं. "इचारून या पाह्यजे तर मॅडमला."

एरवी राजानंद खरोखर विचारून आला असता. वर एकदा पुस्तकातही बघितलं असतं.

"इचारायची गरज न्हाई," तो म्हणाला. "मला माहिती हाय. लावा हात."

रामप्रसादने हातमोजे चढवले. बटण दाबलं. तार पुन्हा सरकायला लागली. आधी त्याने एकच बोट पुढे केलं, तवा तापलाय का बघावं तसं, आणि टेकवून मागे घेतलं. मग दोन बोटं. मग सगळा हात तारेखाली घेतला, आणि फुगलेली तार त्याच्या तळहातावरून सरळ होऊन निमूट ड्रमवर चढू लागली.

"बराबर हाय?" त्याने मागे न बघता विचारलं.

"बराबर हाय," राजानंद म्हणाला, आणि आपलं काम काय होतं ते विसरून तिथेच उभा राहिला.